मंगळवार-शुक्रवारची एसटी

आमच्या शाळेत परिसर अभ्यासाचा तास म्हणजे कुणीही उचलून न्यावा असा तास. गणिताचा धडा मागे राहिला, घ्या परिसरचा तास. स्नेहसंमेलनातला नाच बसत नाही, घ्या परिसरचा तास. वेळापत्रकात तो नीट छापलेला असायचा, प्रत्यक्षात क्वचितच व्हायचा. तिसरी-चौथीच्या मुलांना नाशिक जिल्ह्यातले तालुके विचारले की ती माना डोलवत एका सुरात सगळे म्हणून दाखवायची. पण मध्येच थांबवून "कळवणच्या शेजारी कोण?" असं विचारलं की गोंधळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकदा चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, देवळा म्हणजे तिथे देऊळ असतं का?" वर्ग खो खो हसला. मला ती मुलगी फार आवडली. निदान देवळा हे कुठेतरी खरोखर असलेलं गाव आहे, तिथे काहीतरी असेल, असं तिला वाटलं होतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेनंतर तासभर खोली द्या, ज्यांना यायचंय त्या मुलांना घेऊन मी परिसरचंच काहीतरी करीन. पुस्तकातलं नाही, बाहेरचं.

"पालक विचारतील, याचा स्कॉलरशिपला उपयोग काय?"

"त्यांना सांगा, बाई हौशी आहेत."

मोठ्या बाई हसल्या आणि त्यांनी बालवाडीची खोली दिली, कारण बाकीच्या वर्गांना शिपाई कुलूप लावून जायचे. लाल-पिवळ्या प्लॅस्टिकच्या छोट्या खुर्च्या, भिंतीवर ससा आणि गाजर. या जादा तासाला आम्ही परिसर मंडळ म्हणू लागलो. काही मुलं हौसेनं यायची, काही घरी संध्याकाळपर्यंत कुणी नसायचं म्हणून यायची. मी दोन्हींना सारखंच धरायची. शाळेपासून मखमलाबाद नाक्यापर्यंतची दुकानं आम्ही ओळीनं कागदावर उतरवली. इस्त्रीवाल्यांना, भाजीवाल्या मावशींना, रिक्षावाल्या काकांना "तुमचं गाव कोणतं?" असं विचारत हिंडलो. आमच्या पंचवटीत राहणारी निम्मी माणसं दुसऱ्याच गावाची निघाली याचं मुलांना केवढं नवल वाटलं! त्यातली काही मुलं घरी जाऊन आईवडिलांनाही तेच विचारून आली.

मंडळात तिसरीतली एक मुलगी होती. अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. वडील मालेगावला यंत्रमागावर होते, आता नाशिकमध्ये सोफ्याची कव्हरं शिवायच्या कारखान्यात लागले होते. घरी त्यांची हिंदी-उर्दू, शाळेत मराठी, त्यामुळे तिच्या बोलण्यात दोन्हींची छान मिसळ असायची. मराठी चुकेल म्हणून गप्प बसण्यातली ती नव्हती. "बाई, मेरे को नकाशा काढायचा," असं ठणकावून सांगायची आणि काढायला बसायची.

मंडळ जेमतेम रुळलं होतं आणि माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आधी सटाणा डेपो, मग नाशिक. उभा जन्म त्यांनी गर्दीतून वाट काढत बोलण्यात घालवला. "पुढे सरका, पुढे सरका, गाडी रिकामी आहे पुढे," हे ते इतक्या गोड आवाजात म्हणायचे की माणसं खरंच सरकायची, असं त्यांचे जुने सहकारी सांगायचे. रिटायर झाल्यावरही कॉलनीतल्या कट्ट्यावर त्यांचाच आवाज ऐकू यायचा. आई गेल्यावर ते माझ्याकडे आले, तेव्हा घरात पहिल्यांदा गजबज आली असं माझे मिस्टर म्हणायचे.

झटक्यातून ते वाचले. उजवा हात जरा अधू झाला, पाय हळूहळू चालता झाला. पण बोलणं गेलं. म्हणजे समजायचं सगळं. टीव्हीवरच्या बातम्या ऐकून कपाळाला आठ्या घालायचे, माझ्या बोलण्यावर मान हलवायचे. पण तोंड उघडलं की हवा तो शब्द यायचा नाही. एकच शब्द सुटा राहिला होता, "चला." पाणी हवं असलं तरी "चला", पंखा बंद करायचा असला तरी "चला", पाठ दुखली तरी "चला". आपण चुकीचा शब्द बोलतोय हे त्यांना कळायचं. मग ते डोळे मिटून घ्यायचे.

वाचा-उपचार करायला एक तरुण मुलगी घरी यायची. तिनं चित्रांची कार्डं आणली होती. मांजर, घर, केळं. "दादा, हे काय आहे?" असं ती अगदी प्रेमानं विचारायची. ती माझ्यासारखीच त्यांना दादा म्हणायची. वडील कार्डांकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे आणि एके दिवशी त्यांनी डाव्या हातानं सगळी कार्डं पलंगावरून खाली लोटून दिली. नंतर कट्ट्यावरचे मित्र भेटायला आले तर वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. मित्र थोडा वेळ बसले, चहा घेतला, गेले. पुन्हा फारसे आले नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. काय बोलणार?

दिवसा त्यांच्यापाशी एक मावशी असायच्या. त्या चारच्या सुमारास निघायच्या, कारण त्यांची मुलं शाळेतून यायची. इतर दिवशी मी तोवर पोचायची, पण मंगळवार-शुक्रवार अवघड होऊन बसले. मी मोठ्या बाईंना सांगितलं की मंडळ बंद करते.

"बंद कशाला करता?" त्या म्हणाल्या. "घेऊन या ना त्यांना. मावशींनाच सांगा, जाता जाता रिक्षानं शाळेत सोडतील. बसतील आपल्या खोलीत."

मला ते पटलं नाही. चारचौघांसमोर यायला तयार नसलेल्या माणसाला मुलांच्या गोंगाटात आणून बसवायचं? तरी विचारलं.  वडिलांनी उठून खुंटीवरची टोपी घेतली.

पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी ऑफिसातली मोठी खुर्ची आणून दाराजवळ ठेवली. ते बाहेरच्या मैदानाकडे तोंड करून बसले. मुलं टकामका बघत होती. शेवटी मालेगावची मुलगी म्हणालीच, "बाई, आजोबा बात का करत नाहीत?"

मी जरा विचार करून म्हटलं, "त्यांच्या डोक्यात सगळे शब्द आहेत. पण बाहेर यायची वाट बुजलीय. डॉक्टर म्हणतात, हळूहळू मोकळी होईल."

चौथीतला एक गोबरा मुलगा लगेच म्हणाला, "माझं पण सतराच्या पाढ्याला असंच होतं." आणि तो विषय तिथेच संपला. मुलांना याहून जास्त काही जाणून घ्यायचं नव्हतं.

दोन-तीन आठवडे वडील असेच दारात बसून राहिले. त्या काळात आम्ही जमिनीवर रंगीत खडूंनी जिल्ह्याचा मोठा नकाशा काढत होतो. एका शुक्रवारी रस्ते काढायचे होते. देवळ्याच्या अर्थावरून हसं झालेली ती मुलगी त्या दिवशी खूश होती, कारण तिची आत्या वणीला राहायची आणि तो रस्ता तिचा होता. ती नकाशावर अनवाणी उभी राहिली आणि पाऊल टाकत सांगू लागली.

"हे आपलं नाशिक. मग म्हसरूळ. मग..." ती थांबली. "मग दिंडोरी."

"ढकांबे," मागून आवाज आला.

स्वच्छ आला. जुन्या आवाजात, शेवटचा एकार किंचित लांबवून, ते गाडीत पुकारायचे तसा. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. मी वळून बघितलं. वडिलांनी तोंड मैदानाकडून आत वळवलं होतं आणि ते स्वतःच चकित होऊन आमच्याकडे बघत होते.

त्या मुलीला यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. कुणीतरी विसरलेलं गाव सांगितलं, एवढंच. "हां, ढकांबे," ती म्हणाली आणि एक पाऊल मागे आली. "मग?"

"तळेगाव," वडील म्हणाले. "दिंडोरी. लखमापूर फाटा. वणी."

"वणीला आत्या," ती म्हणाली. "त्याच्या पुढे?"

"नांदुरी. कळवण." मग जरा थांबून, "देवळा."

मी मुलांना म्हटलं, रंग भरा, मी आलेच. व्हरांड्यातल्या नळावर जाऊन तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं. परत आले तर मुलं वडिलांच्या खुर्चीभोवती गोळा झाली होती आणि गोबरा मुलगा त्यांना विचारत होता, "आजोबा, नाशिकवरून चांदवडला?"

घरी आल्यावर मी उत्साहानं म्हटलं, "दादा, म्हणा ना, ढकांबे." ते म्हणायला गेले आणि आलं "चला". त्यांचे डोळे भरून आले. मी घाईघाईनं पोळ्या लाटायला घेतल्या.

वाचा-उपचारवाल्या मुलीला सगळं सांगितलं तेव्हा तिनं आनंदानं टाळीच वाजवली. ती म्हणाली, माणसानं जन्मभर ओळीनं म्हटलेलं असतं ते असं येतं. कुणाला आरती येते, कुणाला वार येतात, कुणाला आकडे. सुटा शब्द मागितला तर येत नाही, पण ओळ सुरू करून दिली की पुढचं आपोआप निघतं. "ती ओळ धरून ठेवा, ताई. ओळ म्हणत जा, मध्येच थांबा, पुढचा शब्द त्यांना भरू द्या. आणि मुलांसमोर येतंय ना? मग मुलांसमोरच करा." मांजराची कार्डं तिनं पिशवीत घातली आणि पुन्हा काढली नाहीत.

एसटीचा खेळ मात्र तिनं सुचवला नाही, मीही नाही. तो मुलांनी काढला. पुढच्या मंगळवारी मी जरा उशिरा पोचले तर बालवाडीच्या खुर्च्या दोन-दोनच्या ओळीत मांडलेल्या होत्या, मधे जायला वाट ठेवलेली, आणि सर्वांत पुढे मालेगावची मुलगी डब्याचं झाकण धरून ड्रायव्हर झालेली. दुसऱ्या कुणाला ती ते झाकण द्यायला तयार नव्हती. खिडकीच्या गजाला सुतळी बांधून तिला मुलांनी बालवाडीची पितळी घंटी लटकावली होती. वडिलांना हाताला धरून त्यांनी मधल्या वाटेत उभं केलं होतं. एका हातानं ते खुर्ची धरून होते.

मला त्यात परिसर घुसवणं भाग होतं. मी नियम केला की गाडीत कुणीही फुकट चढायचं नाही. आपण कोणत्या गावाचे, काय काम करतो, सोबत सामान काय, आणि कशासाठी निघालोय, हे सांगता आलं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे. मग मुलं घरून विचारून येऊ लागली. कुणी पिंपळगावहून द्राक्षांच्या पेट्या चढवायचं. कुणी वणीला गडावर निघालेला भाविक, हातात नारळ. कुणी मालेगावहून लुंग्यांचं गाठोडं घेऊन नाशिकला. सुरुवातीला सगळ्यांनाच कांद्याचे व्यापारी व्हायचं होतं. ड्रायव्हरनं मागे वळून दम भरला, "सब कांदा लाओगे तो बैठणार कुठे?"

वडील प्रत्येकापाशी जायचे. पहिले काही दिवस नुसते हात पुढे करायचे. मग एकदा गोबऱ्या मुलासमोर उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "कुठं?"

"देवळा," तो म्हणाला.

"देवळा," वडील म्हणाले. "एक?"

"एक फुल, एक हाफ."

"हाफ... कुठाय?"

मुलानं शेजारची रिकामी खुर्ची दाखवली. "झोपलाय." वडील हसले. झटक्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

कधीकधी चुकायचं. देवळा म्हणायला जायचे आणि चांदवड यायचं. मोठ्या माणसांसमोर असं झालं की ते खचायचे. इथे एखादी मुलगी सरळ म्हणायची, "आजोबा, परत," आणि ते परत म्हणायचे. ती मुलं दिवसभर वर्गात चुकत होती आणि परत म्हणत होती. चुकणं हे त्यांच्या रोजच्या कामातलंच होतं.

थंडीच्या दिवसांत एक वेगळीच गंमत झाली. मालेगावची मुलगी मुठीत काहीतरी लपवून वडिलांसमोर उभी राहिली. वडिलांनी मुठीकडे बघितलं आणि म्हणाले, "काय शे?"

मला वाटलं, शब्द पुन्हा चुकला. पण मुलगी टुणकन उडी मारून म्हणाली, "बाई, ये तो हमारी गली के जैसा बोलले! हमारे बाजूवाली आजी असंच बोलते, काय शे, काय शे!" ती अहिराणी होती, "काय आहे?" असं त्यांनी विचारलं होतं. वडील बागलाणातले, लहानपणी घरी तीच भाषा. नोकरीला लागल्यावर ती त्यांनी गावाकडच्या माणसांपुरती ठेवली, आमच्याशी कधी बोलले नाहीत. आता आतून कुठूनतरी ती आधी वर येत होती. त्या दिवशी मंडळात दुसरं काही झालं नाही. कोणाच्या घरी कोणती भाषा बोलतात हे मुलं एकमेकांना सांगत बसली. पेठकडचा एक मुलगा कधी बोलायचा नाही, त्यानं आजीची कोकणी, तिकडच्या कोकणा आदिवासींची बोली, सगळ्यांना ऐकवली. मुठीत होती ती चिंच वडिलांनी खाल्ली. नंतर थोड्या वेळानं ते मुलीकडे बघून पुटपुटले, "भूक लागनी." तिनं ऐटीत मला मराठीत सांगितलं, "बाई, त्यांना भूक लागली." मी माझ्या वडिलांचं बोलणं आठ वर्षांच्या मुलीकडून समजून घेत होते, आणि मला त्यात काहीच वाईट वाटत नव्हतं.

तक्रार यायची होती ती आलीच. एका मुलाच्या वडिलांनी मोठ्या बाईंना विचारलं की शाळेनंतर थांबवून मुलांना बस-बस खेळायला लावतात, हे काय चाललंय? आणि एक आजारी गृहस्थ तिथे असतात म्हणे? मोठ्या बाईंनी मला बोलावलं. रागावल्या नाहीत. "पालकसभेत दाखवूनच टाका काय करता ते," म्हणाल्या.

मी वडिलांना म्हटलं, तुम्ही नाही आलात तरी चालेल, मुलं करतील. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढायला लावला.

पालकसभा मोठ्या हॉलमध्ये होती. बालवाडीच्या खुर्च्या तिथे नेल्या, घंटी नेली. समोर आया, वडील, काही आज्या. मुलं गाडीत बसली. ड्रायव्हरनं झाकण धरलं. वडील मधल्या वाटेत उभे राहिले, पहिल्या खुर्चीपाशी आले, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. "चला" सुद्धा नाही. त्यांचा डावा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळलेला मला दिसत होता.  मी पुढे होणार, एवढ्यात ड्रायव्हर झाकण खाली ठेवून उठली.

"गाडी पाच मिनिट रुकेल," तिनं जाहीर केलं. "मैं चाय पी के आती."

ती गाडीतून उतरली, बाजूला जाऊन उकिडवी बसली आणि लटक्या बशीत लटका चहा ओतून फुंकर मारत भुरके घेऊ लागली. मुलांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. मागून एक आवाज उठला, "शेंगदाणे, खारे शेंगदाणे!" मग "पेरू घ्या, पेरू!" कुणी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलं, "ओ मास्तर, गाडी कधी सुटणार? माझा लिलाव चुकेल!" गोबरा मुलगा लहान बाळासारखा रडू लागला. पालक हसायला लागले, आणि ते हसणं माझ्या वडिलांना नव्हतं, एसटी स्टँडला होतं. प्रत्येकजण कधी ना कधी त्या स्टँडवर तसाच ताटकळला होता. आता कुणी वडिलांकडे बघतसुद्धा नव्हतं.

वडिलांची पकड सैल झाली. त्यांनी मान वर केली. "ए ड्रायव्हर," ते म्हणाले. "चहा... पुरे."

"आली, आली," म्हणत ती बशी झटकून जागेवर बसली. त्यांनी घंटीची सुतळी दोनदा ओढली. मग "कुठं?" आणि "किती?" आणि म्हसरूळ, ढकांबे, तळेगाव. मुलांनी द्राक्षं, कांदे, लुंग्या, नारळ सगळं सांगितलं, कोण कुठून कुठे का जातं ते सांगितलं. वणी गेलं तेव्हा पालकांच्या रांगेतून एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "मास्तर, मला कळवणला उतरवा हो. माहेर आहे माझं."

वडील त्यांच्याकडे वळले. शब्द शोधायला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. "एक," ते म्हणाले, "सीनियर."

हॉल हसून हसून दणाणला. तक्रार केलेले गृहस्थ नंतर माझ्यापाशी आले, थोडे अवघडून म्हणाले, "आमचं मूळ गाव देवळ्याजवळच आहे. पोराला कधी नेलंच नाही."

वडील पूर्वीसारखे बोलू लागले असं झालं नाही. लांब वाक्यं येत नाहीत. फोनवर ते बोलत नाहीत. माझं नाव अजून कधी येतं, कधी येत नाही. पण पाणी म्हणतात, पंखा म्हणतात, नको म्हणतात. कट्ट्यावर जाऊन बसतात. मित्रांनीही आता शिकून घेतलंय, विचारायचं आणि मग थांबायचं.

परीक्षा संपल्यावर मी मंडळाला खऱ्या एसटीनं चांदवडला नेलं, कांद्याचा लिलाव बघायला. मालेगावची गाडी होती. आमच्या मंडळातल्या ड्रायव्हरला तो रस्ता पाठ, तिच्या गावाचाच तो. खिडकीजवळ वडील आणि त्यांच्या शेजारी ती, अशी जागा तिनं आधीच धरून ठेवली होती. कंडक्टर एक तरुण बाई होत्या, हातात तिकिटाचं मशीन. त्या आमच्यापाशी आल्या तशी सगळी मुलं एकदम ओरडली, "हे पण कंडक्टर आहेत!"

"हो का?" त्या बाई वडिलांकडे वळल्या. "कुठल्या डेपोला होतात, काका?"

मी उत्तर देणार होते. पण शेजारच्या मुलीनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नाही. मुलं गप्प झाली. गाडी ओझरच्या पुढे धावत होती. कंडक्टर बाईंना काय ते कळलं असावं, त्या आधाराचा दांडा धरून तशाच उभ्या राहिल्या.

"सटाणा," वडील म्हणाले. आणि मग लगेच त्यांनी कंडक्टर बाईंकडे बोट करून विचारलं, "तुम्ही?"

"मी पिंपळगाव," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. पाय फार दुखतात हो काका उभं राहून."

वडिलांनी मान हलवली. "दुखतात," ते म्हणाले. "फार."

त्या दोघांचं तेवढंच बोलणं झालं. मग पुढची तिकिटं काढायला त्या गेल्या. पण झटक्यानंतर वडिलांनी एखाद्या अनोळखी माणसाला आपणहून काही विचारलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

चांदवडला ट्रॅक्टरांच्या लांबच लांब रांगा होत्या. लिलाव करणारे एका ट्रॅक्टरपासून दुसऱ्याकडे भराभर सरकत बोली पुकारत होते आणि आमची मुलं त्यांच्या मागे धावत होती. उन्हानं आणि कांद्याच्या वासानं सगळ्यांचे डोळे लाल झाले. एका शेतकरी बाईंनी मुलांना बसवून चांगला कांदा कसा ओळखायचा ते दाखवलं. वडील सावलीत बसून सगळं बघत होते.

परतीच्या गाडीत मुलं पेंगली. वडिलांना गाढ झोप लागली आणि त्यांचं डोकं हळूहळू कलत त्या किरकोळ मुलीच्या खांद्यावर आलं. ती ताठ बसून होती. पिंपळगाव गेलं, ओझर गेलं, ती हलली नाही. मी मागून वाकून म्हटलं, "मी उठवते त्यांना, तुझा हात अवघडला असेल."

"मुंग्या आल्या," ती कुजबुजली. "पण राहू द्या बाई. अजून नाशिक आलं नाही."